कुंभळवाडीहून आलेले निरोप

गोमाजींचं पत्र आलं तेव्हा सुहासरावांनी ते दोनदा वाचलं आणि उत्तर उद्या लिहू म्हणून टेबलावर ठेवलं. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. अंतर्देशीय पत्र, मजकूर कुणाकडून तरी लिहून घेतलेला. 'साहेब, पेटी त्या दिवशी चालू होती की बंद होती, एवढंच कळवा.' खाली सही मात्र गोमाजींची स्वतःची, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीचं.

कुंभळवाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा आहे, त्यावर लाकडी साकव. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली पाणी बघता बघता चढतं. म्हणून साकवाशी एक पेटी बसवली होती. ती पाण्याची उंची मोजायची आणि मोबाइलच्या टॉवरवरून पुण्याच्या कंपनीला निरोप पाठवायची. पाणी धोक्याच्या वर गेलं की तिथून वाडीच्या देवळावरचा तांबडा दिवा लागायचा. दिवा दिसला की साकवावर कुणी पाय ठेवायचा नाही.

पेटीचा पहिला प्रोग्रॅम सुहासरावांनी महाडच्या घरी बसून लिहिला होता. मुंबईची नोकरी संपल्यावर मिळालेलं ते लहानसं काम. पुस्तकांत रमणारा, चारचौघांत न बोलणारा माणूस. आपलं काहीतरी चुकलंच असणार असं गृहीत धरून जगणारा. पेटीवरची सौर पाटी पुसायचं काम वाडीतल्या गोमाजींकडे होतं. तिथल्या पावसात पाटीवर शेवाळ धरायला वेळ लागत नाही, आणि पाटी झाकली की पेटी मुकी होते.

गेल्या आषाढात दिवा लागला नाही. गोमाजींच्या शेजारच्या सुनीलची बायको सोनाली संध्याकाळी साकवावरून घरी येताना वाहून गेली. वाडी म्हणाली, म्हाताऱ्याने पाटी पुसली नाही.

पत्र आलं तेव्हा सुहासरावांनी पुण्याला आलेल्या निरोपांची यादी पाहिली होती. त्या दिवशी कुंभळवाडीकडून एकही निरोप नव्हता. 'पेटीकडून काही आलं नाही' एवढं लिहून त्यांचा हात थांबला. यादीपुरतं ते खरं होतं. पण गोमाजींना ते देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जाईल आणि ऐकणारे म्हणतील, बघा, आम्ही काय सांगत होतो. खात्री झाल्यावर लिहू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग खात्री करून घ्यायचंही धैर्य होईना. न लिहिण्याची सवय झाली.

यंदा भाद्रपदात पुण्याहून शुभमचा फोन आला. कंपनीतलं हे सगळं आता तोच बघायचा.

"काका, जेवलात का? एक बारीकसं काम होतं. नाकारलेल्या निरोपांचा ढीग शुक्रवारी उडवतोय. उगाच जागा खातोय. त्यात तुमच्या कुंभळवाडीचे आहेत थोडे, म्हणून म्हटलं सांगावं."

"कसला ढीग?"

"अहो, रांगेतला एखादा निरोप प्रोग्रॅमला उलगडता आला नाही की तो बाजूला टाकतो. नाहीतर मागची सगळी रांग अडते. कुणी बघत नाही तिकडे."

"कुंभळवाडीचे कधीचे आहेत?"

"गेल्या जुलैचे. कचरा आहे हो."

सुहासराव खुर्चीत सरळ बसले.

संगणकातली वस्तू जशीच्या तशी दूर पाठवता येत नाही. गणपतीचं मखर सुटं करून माळ्यावर ठेवतात, तशी ती सुटी करून आकड्यांच्या एका माळेत बांधावी लागते आणि पलीकडे पुन्हा उभी करावी लागते. जागा वाचावी म्हणून सुहासरावांनी माळेत नावं घातलीच नव्हती. आधी तारीख, मग पाण्याची उंची, मग पुढचं. कुठल्या जागी काय आहे, हा साचा दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असायला हवा. एका टोकाने साचा बदलला की दुसऱ्याला त्या माळेतून काही उभं करता येत नाही.

"शुभम, तू साचा बदलला होतास का?"

"एक रकाना काढला होता. 'पुसलं' असं काहीतरी नाव होतं त्याला. कुणी वापरतच नव्हतं. पण पेट्यांनाही नवा प्रोग्रॅम पाठवला होता की. सगळ्यांनी घेतला."

"कुंभळवाडीला त्या दिवसांत टॉवर होता का?"

ते शुभमने तपासलं नव्हतं. पावसात टॉवर गेला की तो परत येईपर्यंत कुंभळवाडी कुणाशी बोलत नाही, हे कशेडी घाटाखालचं शेंबडं पोरही सांगेल. शुभम वाढला पुण्यात. आणि सांगणारा माणूस महाडमध्ये पुस्तक वाचत बसला होता.

'पुसलं' हा रकाना गोमाजींमुळेच आला होता. पेटी बसवली त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मी पुसलंय ह्ये तुमाला तिकडं कसं कळनार?" सुहासराव हसले आणि नंतर त्यांनी पेटीला एक बटण लावून दिलं. पाटी पुसली की ते दाबायचं.

"जुना साचा आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"असेल. काढून देतो."

साचा आला, त्यामागे ढीग आला. सुहासरावांनी एकाशी दुसरं जोडलं आणि टेबलावरचा चहा निवायच्या आत कुंभळवाडीचे निरोप वाचून झाले. वर्षभर ज्याला हात लावायची भीती वाटली, ते काम एवढंसं होतं.

पुण्याहून नवा प्रोग्रॅम निघाला तेव्हा टॉवर नव्हता, त्यामुळे त्या दिवसापर्यंत तो पेटीला मिळालाच नव्हता; तेव्हाचे निरोप मात्र तिने सांभाळून ठेवले होते. त्या दिवशी सकाळी 'पुसलं' या जागी होकार होता. दुपारी टॉवर आला आणि पेटीने साठलेले सगळे निरोप जुन्या साच्यातच पाठवून दिले. मग पाणी चढत गेलं. चढलेली प्रत्येक उंची तिने कळवली होती. धोक्याच्या वरची उंची ती पुन्हा पुन्हा कळवत राहिली होती, पार संध्याकाळपर्यंत.

त्यांनी शुभमला फोन करून सांगितलं.

"काका, तोंडी सांगा ना त्यांना. लेखी नका देऊ."

"त्यांनी लेखी विचारलंय रे."

"माझं नाव?"

"'आम्ही' असं लिहितो. त्यात मीही येतो. साचा बदलताना जुने निरोप वाटेत असू शकतात, हे मी कुठे लिहून ठेवलं होतं?"

उत्तर अर्ध्या पानाचं झालं. ते खिशात घालून सुहासराव एसटीने पोलादपूरला गेले. वर्षभराच्या उशिरानंतर टपालाने पाठवणं त्यांना बरं वाटेना. वाडीकडे जाणाऱ्या जीपपाशी गोमाजींची बायको चंद्रभागा उभी होती. पायाशी तांदळाची पिशवी. तिनेच ओळखलं.

"पेटीवालं सायेब न्हवं तुमी? लईच वाळलात."

"गोमाजी आहेत ना घरी? त्यांच्याकडेच निघालोय."

"ते माघात गेलं," ती म्हणाली आणि पिशवी जीपच्या चाकापासून बाजूला सरकवली.

तीच बोलत राहिली. पोस्टमन वाडीत येतो तो देवळाच्या पायरीवर बसतो आणि एकेक नाव पुकारतो. ज्याला वाचता येत नाही त्याचं पत्र तिथेच वाचून दाखवतो. सगळी वाडी ऐकते. "तुमच्या पत्रासाटी आमचं म्हातारं दर खेपंला जाऊन बसायचं. नाव पुकारलं नाय की उठून यायचं. लोक हसायचं. त्याला बोलवायचंच सोडलं हुतं लोकांनी, लग्नाला नाय, कशाला नाय."

"पेटी चालू होती, चंद्रभागाबाई. त्यांनी सकाळी पुसली होती. पेटीने सगळं कळवलं. आम्हाला ते वाचता आलं नाही."

"मला काय सांगता? फडकं मी धुऊन द्यायची त्यास्नी."

त्यांनी उत्तराचं पाकीट पुढे केलं. तिने हात मागे घेतला.

"माज्या हाती नको. बाई नवऱ्याची बाजू घेते म्हनतील. पोस्टानं यिऊ दे."

"कुणाच्या नावानं?"

"त्यांच्याच. आनि कुनाच्या? एकदा पुकारू दे नाव."

"सुनील असेल तिथे. त्याला हे ऐकून..." आपली बायको वाचू शकली असती, हे त्या माणसाला चारचौघांत ऐकावं लागणार होतं.

"त्याला मी आदल्या दिशी सांगून ठेवीन," चंद्रभागा म्हणाली. "म्हाताऱ्याच्या खांद्याला नाय आला तो. मी त्याच्यावर राग धरत नाय. बायको गेली वो त्याची."

जीपवाल्याने हाक दिली. सुहासरावांनी तांदळाची पिशवी वर चढवून दिली आणि ते पोस्टाकडे चालू लागले.

तिथल्या बाकावर बसून त्यांनी पाकीट उघडलं, उत्तर पुन्हा वाचलं आणि शेवटी एक ओळ वाढवली: 'हे कळवायला मी उशीर केला, त्याचा दोष माझा एकट्याचा आहे.' पत्ता लिहिताना नावाआधी काय लिहावं म्हणून पेन थोडं अडलं. मग त्यांनी 'श्री.' लिहिलं, पुढे गोमाजींचं पूर्ण नाव, खाली कुंभळवाडी, तालुका पोलादपूर. तिकीट लावलं, ते नीट चिकटलं का ते अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि पाकीट टपालात टाकलं.