कस्तुराचा हार

ज्ञानदेव खिळ्यावरचं चित्र सरळ करत होता, तेवढ्यात धोंडीबा दारात वहाणा काढून हॉलमध्ये आला. डोक्याला धुतलेला पटका, हातात पानात बांधलेला पुडा. तळवड्याहून आकुर्डीपर्यंत म्हातारा चालत आला होता. मुलाचं प्रदर्शन बघायला बाप पहिल्यांदाच आलेला पाहून ज्ञानदेवला भरून आलं.

"आबा, निरोप तरी धाडायचा. न्यायला आलो असतो."

"तुला कुठं सवड असती," धोंडीबा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

सवड खरोखरच नव्हती. ज्ञानदेव चित्रं काढायचा, कंपनीत पाळी करून चित्रं काढणाऱ्या पोरांना गोळा करून त्यांची प्रदर्शनं भरवायचा, कुठलं चित्र कशाशेजारी लावायचं यावरून त्यांच्याशी भांडायचा, आणि वर हे सगळं पुण्याच्या पेपरात लिहायचा. चित्र समजावून सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची स्वतःची चित्रं म्हणजे मातकट आणि काळ्या रंगाचे रुंद पट्टे.

धोंडीबा भिंतीच्या कडेकडेने चालत गेला. प्रत्येक चित्रापुढे थांबला. फेरी पुरी करून परत मुलापाशी आला.

"कस्तुरा कुठाय?"

कस्तुरा म्हणजे ज्ञानदेवची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"शेजारच्या किसननं पेपर वाचून दावला मला. तूच लिवलंस न्हवं, या चित्रांत माझी आई हाय म्हून?"

त्याने पुडा सोडला. आत झेंडूचा हार होता.

"आबा, ते तसं नाही. ती रंगात आहे. म्हणजे, हा मातीचा रंग..."

त्याने जवळच्या चित्रातल्या एका पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"आपल्याकडं तिचा फोटू न्हाई," धोंडीबा म्हणाला. "आताशा तिचं तोंड आठवत न्हाई मला. म्हनलं, तुला आठवत असंल."

ज्ञानदेवने डोळे मिटले. हिरव्या बांगड्या आठवल्या, चुलीपुढची वाकलेली पाठ आठवली. तोंड काही आठवेना. माझं एक चित्र काढ की, असं ती म्हणायची आणि हा म्हणायचा, काढू निवांत. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ती इथं नाही, आबा."

"मग हार माघारी कसा न्यावा?"

ज्ञानदेवने मधल्या भिंतीवरचं स्वतःचं चित्र उतरवलं. धोंडीबाने मोकळ्या खिळ्याला हार अडकवला, हात जोडले आणि पाणीही न घेता निघाला.

ती भिंत ज्ञानदेवने तशीच ठेवली. रविवारी पुण्याहून एक समीक्षक आले आणि त्यांनी तिच्याबद्दल रकानाभर लिहिलं. प्रदर्शनातलं सर्वांत धाडसी काम हेच, असं त्यांचं म्हणणं. खुलासा लिहायला ज्ञानदेव बसला, उठला, पुन्हा बसला, पण लिहिला नाही. बघता बघता त्याचं नाव झालं. मग मुंबईच्या एका गॅलरीचं बोलावणं आलं. त्यांना तीच भिंत हवी होती, तसाच हार.

निघायच्या दिवशी तो आकुर्डी स्टेशनबाहेर फूलवाल्यापाशी थांबला. झेंडूचा हार मागितला.

फूलवाल्याने मान वर न करता विचारलं,

"फोटो केवढा आहे?"

माप दाखवायला ज्ञानदेवने दोन्ही हात उचलले. ते तसेच राहिले.