मोडलेल्या धनुष्यांचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. थांबा, लगेच पान उलटू नका! आज मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

लाकडी धनुष्य कसं करायचं, ते मी नवशिक्यांना शिकवतो. मला लिहिणारा गृहस्थ मोठा वल्ली होता. त्याने एकवीस धनुष्यं केली, त्यातली बारा मोडली. आणि त्या पठ्ठ्याने बाराच्या बारा मोडक्या धनुष्यांची चित्रं काढून माझ्यात घातली! कुठे मोडलं, कसं मोडलं, आपली काय चूक झाली, सगळं बैजवार. छापखान्याचा मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, हे शिकवायचं पुस्तक आहे की रडगाणं?" माझा लेखक ऐकतोय कुठला! "नवशिक्याला हेच हवं असतं. छापा तुम्ही."

झालं! मी वाचनालयात आलो तो मोठ्या दिमाखात. पण लोक मला उघडायचे, मोडकी धनुष्यं बघायचे आणि तोंड वाकडं करून परत ठेवायचे. पुढे माझ्या शेजारी एक जाडजूड, चकचकीत पुस्तक येऊन बसलं. पानोपानी रंगीत फोटो, प्रत्येक भागाचं माप अगदी सुतापर्यंत. त्याला मी जाडोबा म्हणायचो. पलीकडे आणखी एक होतं, शिंगाची धनुष्यं करणाऱ्या उस्तादांसाठी लिहिलेलं. त्याची भाषा इतकी अवघड की तो आमचा पंडित. त्या दोघांना गिऱ्हाईक मिळायचं. मी आपला धूळ खात पडलेलो. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

आणि मग एका सकाळी ती आली! बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करणारी बाई. नखांत काळं ग्रीस, आवाज खणखणीत.

"धनुष्य करायला शिकवणारं पुस्तक आहे का?" तिने ग्रंथपालबाईंना विचारलं. "माझे सासरे सुतार. चाळीस वर्षं सुतारकाम केलं त्यांनी. धनुष्य करायचं म्हणून सात वर्षांपूर्वी एक लाकूड वाळत ठेवलं. आता हात थरथरतात त्यांचे. म्हटलं, बाबा, मी करते. पण लाकूड एकच आहे. असलं लाकूड आता मिळत नाही. बिघडलं की संपलं."

"मग तिन्ही घेऊन जा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "कुणाशी तुमचं जमतंय ते बघा."

मित्रांनो, किती वर्षांनी मी वाचनालयाबाहेर पडलो! पिशवीत माझी नुसती धडधड चालली होती.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सुतारबाबांचा कामाचा बाक होता. त्यावर ते लाकूड ठेवलेलं, मधासारख्या रंगाचं, पुरुषभर उंचीचं. तिने पंडिताची दोन पानं वाचली आणि त्याला बाजूला सारलं. मग मला उघडलं. 'थोडं तासा, वाकवून बघा, पुन्हा थोडं तासा,' असं माझ्यात लिहिलंय.

"थोडं म्हणजे किती?" ती वैतागली. "आमच्या आगारात असं 'थोडं' चालत नाही बाबा. माप पाहिजे!"

जाडोबाची मापं बघून ती हरखलीच. मेकॅनिकच ती! माप मिळालं की तिच्या लेखी काम फत्ते. तिने लाकडावर पेन्सिलीने रेघा आखल्या. बाक डुगडुगत होता, म्हणून मला उचललं आणि सरळ त्याच्या पायाखाली सारलं! पुस्तकाला असं वागवू नये, मित्रांनो. माझ्या पाठीचा दोरा तुटला तो तिथेच.

पण बाकाखालून मला सगळं दिसत होतं, आणि जीव वरखाली होत होता. रंधा सर्र सर्र चालायचा, भुगा माझ्यावर पडायचा. सुतारबाबा स्टुलावर बसून बघायचे. मधल्या भागापाशी लाकडात एक गाठ होती, बोराएवढी. पेन्सिलीची रेघ बरोबर त्या गाठीवरून गेलेली. रंधा पुढे सरकत होता, आणि मी खालून मनातल्या मनात ओरडत होतो, अगं थांब, थांब, थांब!

"सूनबाई," सुतारबाबा म्हणाले, "त्या गाठीचं काय करायचं, ते लिहिलंय का गं त्यात?"

तिने रंधा ठेवला. जाडोबा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. सगळ्या फोटोंतली लाकडं लोण्यासारखी गुळगुळीत, एकातही गाठ नाही. पंडित उघडला. तो म्हणतो, गाठीचं लाकूड घेऊच नये.

"घेऊ नये काय! आहे ते हेच आहे!" ती चिडली. मग खाली वाकली आणि मला ओढून बाहेर काढलं. भुगा झटकला. माझं चौथं चित्र तिच्यासमोर आलं: गाठीपाशी तुटलेलं धनुष्य. खाली लिहिलंय, 'माप पाळलं आणि गाठ कापली. गाठीभोवती लाकूड जास्त ठेवा. दिसायला बेढब दिसेल, दिसू द्या.'

"बाबा!" ती केवढ्यांदा ओरडली! "अजून दोन हात फिरवले असते तर गेलं होतं हो!"

त्या दिवसापासून मी बाकावर आलो, तिच्या डाव्या हाताशी. जाडोबावरही मी रागावलो नाही, दोरी कशी वळायची ते तिने त्याच्याकडूनच घेतलं. पण तासणं माझ्या सांगण्यावरून. भिंतीवरच्या खुंटीला धनुष्य अडकवायचं, दोरी खाली ओढायची आणि लांबून बघायचं. जिथे ताठ राहतं, तिथे पोटाच्या, म्हणजे दोरीकडच्या, बाजूने चार हात कानस. पाठीला अजिबात हात लावायचा नाही. पुन्हा ओढायचं. थोडं म्हणजे किती, हे तिच्या हातांना कळायला लागलं. काय सांगू, मला तर नाचावंसं वाटत होतं!

आणि काल दुपारी ते झालं. पुरं वाकलं! दोन्ही टोकं सारखी, गाठीपाशी जरा फुगीर, पण कुठे कुरकुर नाही की चीर नाही. तिने ते सुतारबाबांच्या हातात दिलं. त्यांनी दोरी गालापर्यंत ओढली, तशीच धरली आणि हळूच सोडली. डोळे भरून आले त्यांचे.

"तुमचे हात थरथरत नसते, तर तुम्ही यापेक्षा सुबक केलं असतं, बाबा," ती म्हणाली.

"हात दोन वर्षांपूर्वी बिघडले गं," सुतारबाबा म्हणाले. "लाकूड तर त्याच्या आधी तीन वर्षं तयार होतं. मोडेल म्हणून मी हात लावला नाही. चाळीस वर्षांचा सुतार, मोडलं तर लोक काय म्हणतील?"

मग त्यांनी मला उचललं. एकेक मोडकं धनुष्य बोटाने चाचपत बाराव्या चित्रापर्यंत गेले. "बारा मोडली," ते पुटपुटले, "आणि तरी लिहिलं यानं."

मित्रांनो, नवं काही शिकायला पुस्तक निवडाल, तेव्हा कव्हर जरूर बघा, फोटोही बघा. पण लिहिणाऱ्याचं काय काय चुकलं, ते त्यात आहे का, हे आधी शोधा. ते असेल तर पुस्तक घरी न्या, त्याला जपा, आणि त्याच दिवशी कामाला लागा. लाकूड वाळायला वेळ लागतो हे खरं, पण वाळून तयार झालेल्या लाकडाला वाट बघायला लावू नका.