खाटेपाशी न लिहिलेलं नाव

रक्तपेढीत वीस वर्षं काढलेल्या बाईंच्या पायाखालची जमीन सरकली, ती जुनं रजिस्टर उघडल्यावर. आठ नंबरच्या खाटेवरची बाळंतीण तिथे ‘ओ’ गटाची नोंदलेली होती. आज तपासलेली नळी मात्र ‘ए’ म्हणत होती.

माणसाचं मत बदलतं, रक्तगट बदलत नाही. म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली होती. नळीवर नाव खाटेपाशीच लिहायचं, हे नव्या पोरींना बाई डोळे वटारून शिकवायच्या. आज घाईत त्यांनीच आठ आणि नऊ नंबरच्या नळ्या खिशात टाकल्या नि नावं टेबलावर येऊन लिहिली. शहाणपणा नडला, दुसरं काय! ‘ए’ची पिशवी घेऊन आयाला वर जाऊन दहा मिनिटं झाली होती.

‘ओ’ गटाच्या रक्तात ‘ए’विरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून तयारच असतात. ‘ए’च्या पेशींवरचा प्रतिजन, म्हणजे त्यांची ओळखखूण, दिसला की ती तुटून पडतात, पेशी फुटतात, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस जातो. बाईंना हे तोंडपाठ होतं.

वॉर्डचा फोन कुणी उचलेना. बाई जिन्याकडे धावल्या.

आठ नंबरच्या खाटेपाशी पिशवी टांगलेली होती आणि थेंब पडत होते. बाईंनी पिशवीच्या नळीवरची चकती फिरवून रक्त थांबवलं.

“किती गेलं?”

“आत्ताच लावलंय,” नर्स म्हणाली. “का हो?”

“चुकीचं रक्त आहे. डॉक्टरांना बोलवा, पळा!”

“बाई, कमरेत कळ येतेय,” बाळंतीण पुटपुटली. “थंडीपण वाजतेय.”

डॉक्टर धावत आले. त्यांनी सलाईन सुरू केलं, औषधं दिली. लघवीच्या पिशवीवरून बाईंची नजर हटेना. पेशी फुटून लाल उतरली तर सगळं संपलं. जीव मुठीत धरून त्या दोन तास तिथेच उभ्या राहिल्या.

पिवळी उतरली. पुन्हा पिवळीच. कळही थांबली.

बाळंतिणीच्या आईने बाईंचे दोन्ही हात धरले. “पोरी, तू धावत आलीस म्हणून माझी लेक वाचली गं!”

नाव कुणी लिहिलं, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं.

“आई, नळीवर चुकीचं नाव मीच लिहिलं होतं.”

म्हातारीची बोटं एकेक करून सुटली, आणि ती लेकीच्या उशाशी जाऊन बसली.