घणाचे ठोकळे

मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हतं. तिने पगार घेऊन कधी कुणावर मुकादमी केली नव्हती. पण जिन्यात कचरा कुणी टाकला, कुणाचा नळ खालच्याच्या डोक्यावर गळतो, कुणाची सून उलट बोलते, या सगळ्याचा निवाडा तिच्याच तोंडून व्हायचा. तो पटो न पटो, ऐकून घ्यावा लागायचा. नवऱ्याने मारून मारून तिचा डावा कान कायमचा बंद केला होता. तेव्हापासून ती मोठ्याने बोलायची. नवरा मेला, आवाज तेवढा राहिला.

तिचा मुलगा पाडकामावर होता. जुनी घरं पाडायची, हे त्याचं काम. बरोबरची माणसं त्याला घण म्हणायची, कारण जी भिंत चौघांना दाद देत नसे ती तो एकटा आडवी करायचा. चाळिशी ओलांडलेली, दारात उभा राहिला की उजेड अडायचा, लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. आणि हा एवढा बाप्या कामावरून आला की हातपाय धुऊन जमिनीवर चादर पसरायचा आणि प्लास्टिकचे ठोकळे निवडत बसायचा. पोरंसोरं एकावर एक चढवून घरं करतात ना, तेच ठोकळे.

ते त्याला कामावरच मिळत. घर रिकामं करताना माणसं भांडीकुंडी नेतात, पण कपाटामागे पडलेला ठोकळा कोण बघतो? फरशीच्या फटीत, माळ्यावर, न्हाणीघराच्या जाळीत. घण खिसा भरून आणायचा, साबणाच्या पाण्यात भिजवायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक घासायचा. मग भिंतीवरचं कपाट. खिळे-स्क्रू ठेवायला असतं तसलं, लहान लहान साठ खणांचं. प्रत्येक खणात एक आकार. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना तो बटणं म्हणायचा. दोन बटणांचा, चार बटणांचा, चपटा, उतरता, कमानीचा. वरच्या फळीवर तळहाताएवढी घरं मांडलेली होती. एखादं घर पाडून झालं की ते तो ठोकळ्यांतून पुन्हा बांधायचा, खिडक्यांसकट.

मुकादमिणीला याची लाज वाटायची. कुणी आलं की ती चादरीची टोकं धरून सगळं पलंगाखाली सारायची. "नातवाचं आहे," म्हणायची. नातू कुठला, लेकीला मूलच नव्हतं.

एकदाच तिला उमाळा आला होता. घण कामावर असताना बसली आणि अर्धी बादली ठोकळे निवडून ठेवले. लाल लालात, पिवळे पिवळ्यात. वाटलं, पोरगा खूश होईल. तो आला, बघितलं आणि पोट धरून हसला. "अगं आई, रंग काय, आंधळा सोडून कुणालाही दिसतो. लाल ढिगात लाल चपटा शोधत बसलो तर दिवस जाईल. आकाराने लावायचं. निरनिराळ्या रंगांतून एक रंग डोळ्याला आपोआप दिसतो." तिने सगळं तसंच चादरीवर ओतलं आणि म्हणाली, "मेलं तुझं शास्त्र." पुन्हा हात लावला नाही.

हे वेड त्याला विसाव्या वर्षी लागलं. त्या वर्षी कामावर एकाने त्याला बापावरून शिवी दिली, आणि त्याने त्या माणसाचा जबडा मोडला. पडल्यावरही मारत राहिला. पाच जणांनी ओढून काढला. घरी आला तेव्हा हात स्वस्थ बसेनात. खिशात सहज सापडलेले चार ठोकळे होते, तेच जोडत आणि काढत पहाटेपर्यंत बसला. तेव्हापासून वीस वर्षं त्याने माशीसुद्धा मारली नव्हती. मुकादमिणीला हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मानणं वेगळं.

मग एका सकाळी लेक दारात आली. पायात दोन वेगळ्या चपला, डावा हात उजव्या हाताने धरलेला. डॉक्टरने सांगितलं, गळ्याजवळचं हाड मोडलंय. ओठ फाटला होता. कानामागचे केस उपटलेले होते, मूठभर. जावई कुलपं बसवायचा, किल्ल्या हरवलेली दारं उघडून द्यायचा. त्याने बायकोला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उघडून मारलं, कारण ती ओरडली नाही.

"ओरडली नाहीस म्हणून?" मुकादमीण म्हणाली.

"त्याला वाटलं मी मेले. घाबरला. म्हणून मारलं," लेक म्हणाली.

मुकादमिणीने तिला पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं आणि पुढच्या खोलीत आली. घण चादरीवर बसला होता. हातात चपटा ठोकळा होता, पण तो खणात ठेवायचा राहिला होता.

"ऊठ," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? जावईबापूंकडे. आरती ओवाळायला! त्याचे दोन्ही हात मोडून ये."

"चौकीवर जाऊन आलोय, आई. तक्रार लिहून घेतली. ती इथेच राहील. दाराला दोन कुलपं घालू."

"कुलपं! कुलूपवाल्याला कुलपं!" मुकादमीण एवढी हसली की तिला ठसका लागला. "तुझ्या बापाने माझा कान फोडला तेव्हा मला भाऊ नव्हता. हिला आहे. असून काय उपयोग? खेळण्यांत बसलाय नंदीबैल."

"आई, मी एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही. तुला माहितीये."

"मग सुरू तरी हो!"

तो उठला नाही. त्याने तो ठोकळा त्याच्या खणात ठेवला, खण हळूच आत सरकवला. त्या टक् आवाजाने मुकादमिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोन्ही हातांनी कपाट धरलं आणि भिंतीवरून उपटलं. स्क्रू सुटले, चुना सुटला. साठच्या साठ खण खाली आले. वीस वर्षांची निवड एका दमात खोलीभर झाली, पलंगाखाली, चुलीपाशी, मोरीत. मग तिने फळीवरून हात फिरवला. पाडलेली घरं दुसऱ्यांदा पडली.

"आता ज्या दिवशी त्याचे हात मोडशील," ती धापा टाकत म्हणाली, "त्या दिवशी याला हात लाव. तोवर नाही."

 घण दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवून बसून राहिला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. ठोकळ्यांना त्याने हात लावला नाही. आईचा शब्द होता. मुकादमिणीला वाटलं, बरं झालं, आता पेटेल. फक्त त्याच्या हातांकडे बघवत नव्हतं. मांडीवर पडल्या पडल्या बोटं आपोआप चिमटीत मिटत होती, उघडत होती. चिमटीत काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जावई आला. दार वाजवलं नाही. वरचं कुलूप आतून किरकिरलं, मग खालचं. मुकादमीण त्या दाराकडे बघत उभी राहिली. स्वतःच्या घराचं कुलूप कुणी बाहेरून सावकाश उघडतंय, हे ऐकणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं. लेक आतल्या खोलीत पलंगाच्या मागे जाऊन बसली.

दार उघडलं. जावई आत आला, हत्यारांची लहान पिशवी खांद्याला, पायात बूट. ठोकळ्यांवर बूट पडला, कड् कड् झालं. त्याने खाली बघितलं, भिंतीला टेकून बसलेल्या घणाकडे बघितलं.

"काय मेव्हणे, भातुकली सांडली वाटतं?"

"दाजी, जा," घण म्हणाला. "हात जोडतो. आता जा."

"जातो ना. माझं माणूस घेऊन जातो. सासूबाई, बोलवा तिला."

"तुझं माणूस?" मुकादमीण आडवी आली. "कुलपं फोडणाऱ्या चोरा, माझ्या दारातून—"

त्याने तिच्या उजव्या कानाखाली मारली. जो कान ऐकत होता, त्याच्या खाली. ती ठोकळ्यांवर पडली. हातांत, गुडघ्यांत, गालात टोकं रुतली. काही क्षण तिला काहीच ऐकू आलं नाही, नुसतं दिसत होतं. घण उठताना दिसला.

पाडकामाची एक रीत असते. घणाने ती आईला कितीदा सांगितली होती, ती ऐकत नसतानाही. आधी वीज-पाणी तोडायचं. मग दारं-खिडक्या काढायच्या. मग छत. मग वरून खाली भिंती. गडबड करणाऱ्याच्या अंगावर घर पडतं. सावकाश, नेमानं.

पहिला गुद्दा त्याने जावयाच्या पोटाच्या वर, छातीच्या खाली मारला. जावयाचा श्वासच तुटला, तोंड उघडं पडलं, आवाज नाही. मग घणाने त्याचं उजवं मनगट धरलं, दाराच्या चौकटीवर ठेवलं आणि वरून दाबलं. मग डावं. मुकादमिणीचा कान नेमका तेव्हाच परत आला, दुसऱ्या आवाजाला. मग त्याने दात काढले. एकाच गुद्द्यात नाही, तीन वेळा, बघून, जिथे उरले होते तिथे. रक्त ठोकळ्यांवर शिंपडलं गेलं. पांढऱ्यांवर दिसलं, लालांवर दिसलं नाही.

नवऱ्याचा मार मुकादमिणीने बावीस वर्षं खाल्ला होता. त्यात आरडाओरडा असायचा, दारूचा वास, शिव्या, मग रडणं. हे तसं नव्हतं. पोराचा चेहरा शांत होता, भिंतीकडे बघताना असायचा तसा. तो आता जावयाला उताणा करून बरगड्या चाचपत होता, कुठली आधी. तिने मागितलं होतं ते सगळं तिच्यासमोर चाललं होतं, तिने मागितल्यापेक्षा नीट.

"पुरे!" ती ओरडली. "हात मोडले ना, पुरे! अरे मरेल तो!"

एक बरगडी गेली. दारात शेजारपाजारचे जमले, पण आत पाऊल कुणी टाकेना. लेक आतून धावत आली, एका हाताने भावाचा सदरा ओढू लागली. भिंत ओढल्यासारखं. "दादा, नको, दादा!" दुसरी बरगडी गेली.

मुकादमीण गुडघ्यांवर रांगत त्याच्याजवळ गेली. त्याचा हात धरायचा तिने विचारही केला नाही, तो आवरायला एकदा पाच जण लागले होते. तिच्या तळव्यात एक ठोकळा रुतलेला होता. तिने तो उपटला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा कुठल्या खणात जातो?"

त्याची मूठ वर होती.

"अरे सांग ना. मला कळत नाही. कुठल्या खणात?"

त्याने बघितलं. आधी नुसते डोळे आले, मग तो आला. "सहा बटणांचा," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "चपटा. दुसऱ्या ओळीत, चौथा."

"आणि हा?"

"कमान आहे ती. सगळ्यात खाली."

"आणि हा? हळू बोल, मला ऐकू येत नाही."

मूठ उघडली. त्याने तिच्या हातातून ठोकळा घेतला, सदऱ्याला पुसला. ती देत गेली, तो सांगत गेला, आणि तेवढ्यात लेकीने आणि शेजारच्या दोघांनी जावयाला पायांना धरून दाराबाहेर ओढलं. पोलीस आले तेव्हा मायलेक जमिनीवर बसून निवडत होते. तिच्या मांडीवर अकरा ढीग झाले होते.

जावई जगला. मनगटं जुळली, पण किल्लीएवढं बारीक काम त्या हातांनी परत केलं नाही. लेकीला सुटका मिळाली. घणाला साडेतीन वर्षं मिळाली. कोर्टात मुकादमीण उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "साहेब, कपाट मी पाडलं होतं." कुणाला काही कळलं नाही. वकिलाने तिला खाली बसवलं.

कपाट तिने परत भिंतीला लावून घेतलं. मग रोज दुपारी चादर पसरून बसायची. कुणी आलं तर पलंगाखाली सारायची नाही. खालची बाई म्हणाली, "या वयात खेळणी का हो?" तर मुकादमीण म्हणाली, "तुझ्या घरातल्या कुणाला साठ आकार ओळखता आले तर पाठव, मग बोल." रक्त लागलेले ठोकळे घासून काढले. रंगाने लावले नाहीत.

भेटीच्या दिवशी काचेपलीकडे तो बसला, हात टेबलाखाली लपवून. वाळला होता.

"सगळं फेकून दे, आई," तो म्हणाला. "माझे हात ते धरायच्या लायकीचे राहिले नाहीत."

"तुझ्या हातांचं मला सांगू नकोस. सांडलं मी, भरणार मी. पंचावन्न खण भरलेत. आता एकच सांग, मी इथवर दोन गाड्या बदलून आलेय. एक ठोकळा आहे, कुठेच बसत नाही. दाखवायला आणला होता, फाटकावर काढून घेतला, जणू बाँबच. दोन बटणं एका अंगाला, दुसऱ्या अंगाला अशी करंगळीच्या नखाएवढी दांडी." तिने काचेवर बोटाने काढून दाखवलं.

त्याने काचेवरच्या तिच्या बोटाकडे बघितलं. मग त्याचा उजवा हात टेबलावर आला. चिमूट मिटली, जरा वळली, उघडली.

"बिजागरी आहे ती," तो म्हणाला. "अर्धीच. तिला खण नसतो. दुसरी अर्धी सापडली की दोघींना जोडून ठेवायचं."

"कुठे पडली असेल?"

"तूच कपाट उपटलंस. तुलाच माहीत."

"मोरीची जाळी राहिलीये बघायची," मुकादमीण म्हणाली आणि उठली. "बघते आणि पुढच्या वेळी सांगते. आणि जेवत जा, घोड्या."