सगळ्यांचा निर्णय

वारज्यातल्या त्या शुश्रूषा केंद्रात नवे संचालक सौमित्र आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात खुली बैठक सुरू केली. डॉक्टर, परिचारिका, मावश्या, स्वयंपाकघरातले, सगळे एका गोलात. "इथे कुणी साहेब नाही. ज्याला जे खुपतं ते त्याने बोलायचं, आणि ठरवायचंही सगळ्यांनी मिळून," ते म्हणाले.

पहिल्या बैठकीत लोक चहात बिस्किटं बुडवत गप्प बसले. परिचारिका उत्कर्षा मात्र भारावली होती. वाशिमहून पुण्यात आल्यापासून तिने नोकऱ्या बऱ्याच केल्या होत्या, पण तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे आपल्या मजल्यावर मावशीचं काम करणाऱ्या आनंदीच्या ती मागेच लागली. "बोल गं. माझ्याजवळ कुरकुरतेस, तेच इथे बोल."

आनंदी शेवटी बोलली. "म्हाताऱ्या माणसांचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधतो आपण. ते बद्रीनाथ काका रडत्यात. मला बघवत न्हाई."

पट्टे सगळेच बांधत होते. त्याबद्दल बोललं कुणीच नव्हतं. त्यानंतर तीन-चार बैठका याच विषयावर झाल्या. डॉक्टर आणि मावश्या एकमेकांचं म्हणणं खोडून काढत होते आणि कुणाला राग येत नव्हता. अखेर पट्टे काढायचं ठरलं. मजल्यावर आणखी एक बाई नेमायचं सौमित्रनी कबूल केलं.

"मंग ती बाई येऊ द्या आधी," आनंदी म्हणाली. "दुपारी मजल्यावर मावशी मी एकटीच असते. एकाला भरवायला बसले की दुसरा उठतो."

"आनंदी, आता मागे नको फिरूस. सुरुवात तर करू," उत्कर्षा म्हणाली. तिला तो निर्णय हातचा जाऊ द्यायचा नव्हता. आनंदीने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. बाकीच्यांनी हात वर केले.

पुढचे काही दिवस मजला वेगळाच वाटत होता. बद्रीनाथ काका स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावू लागले, वाकडीतिकडी. त्यांची मुलगी तनया कोथरूडहून आली, तेव्हा त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. ती जिन्यात येऊन रडली.

नवी बाई काही आली नाही.

मग एका दुपारी आनंदी यमुनाबाईंना पेज भरवत होती. काका उठले. बँकेत जायची वेळ झाली असं त्यांना रोजच वाटायचं. न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि डोकं फरशीवर आपटलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

"तेव्हा तिथे कोण होतं?" तनयाने विचारलं. केंद्राने नाव दिलं. संध्याकाळपर्यंत आनंदीला कामावरून काढलं होतं.

पुढच्या बैठकीत सौमित्रनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि मग जेवणाच्या वेळांचा विषय काढला.

"सर," उत्कर्षा म्हणाली, "पट्टे काढायचा निर्णय सगळ्यांचा होता. मग घरी पाठवली ती एकटी आनंदीच का?"

"निर्णय बरोबरच होता. अंमलबजावणीत हलगर्जी झाली."

"अंमलबजावणीत एक बाई कमी होती. ती आनंदीने मागितली होती. थांबू नका म्हणाले ते मी."

कुणी वर पाहिलं नाही. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. सौमित्र हळूच म्हणाले, "उत्कर्षा, हे आपण माझ्या केबिनमध्ये बोलू."

ती केबिनमध्ये गेली नाही. तिने तनयाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यसुद्धा.

"मला कुणावर तरी चिडायचं होतं," तनया म्हणाली. "त्यांनी एक माणूस पुढे केला, मी चिडले. आता तुम्ही म्हणता ती नाही. मग कुणावर चिडू?"

"माझ्यावर चिडा. सरांवर चिडा."

"बाबा परत येणार नाहीत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

उत्कर्षा आनंदीच्या खोलीवर गेली. आनंदी दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

"मी सगळं सांगितलंय. तनयाताईंनासुद्धा."

"बरं केलंत." आनंदीच्या आवाजात राग नव्हता, तेच उत्कर्षाला सोसवेना. "ताई, आधी आम्ही मुकाट बांधत होतो, तवा कुणी आम्हांला काढत नव्हतं. मला बोलायला शिकवलं तुम्ही. मी थांबा म्हणाले, तेवढंच तुम्हांला ऐकू नाही आलं."

आतून कुकरची शिट्टी झाली. आनंदी वळली आणि जाताना तिने दार लोटून घेतलं.

महिनाअखेरीस उत्कर्षाला सांगण्यात आलं की तिच्यासाठी आता जागा नाही. तिने कारण विचारलं नाही.