उजवा हात, मनगटापर्यंत

"पुन्हा?" मी ओरडलेच. "ह्या बाईंना दुसरा काही उद्योग नाही का गं?"

लेक दारात उभी राहून एका पायातला बूट दुसऱ्या पायानं काढत होती. तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण तिचं तोंड कधी बंद नसतं. खात नसेल तेव्हा बोलत असते. "मी कुठं सांगितलं त्यांना गृहपाठ द्यायला?" ती म्हणाली. "चिठ्ठी वाच आधी."

वाचायची छातीच होत नव्हती. त्या शाळेनं वर्षभर आमचा पार पिट्ट्या पाडला होता. आधी काय, तर पक्ष्याचं रिकामं घरटं आणा. आमच्या ह्यांनी सुट्टीचा अख्खा दिवस झाडांखाली माना वर करून काढला, मान धरली ती वेगळीच, आणि शेवटी घरटं सापडलं तर त्यात पिल्लं. मग वाऱ्यावर फिरणारी चक्की. ती घरी पंख्यासमोर गरागरा फिरायची आणि शाळेत नेली की ढिम्म हलायची नाही. मग वेगवेगळ्या रंगांची माती, बरण्या भरभरून. दोन खोल्यांचं घर आमचं, त्यात त्या बरण्या अजून कपाटावर बसल्यात. शाळा पोरीची आणि परीक्षा आमची, असं सगळं चाललं होतं.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'विषय : आमच्या घरचे हात. घरातील प्रत्येकाच्या हाताची प्लास्टरची प्रतिकृती करून आणावी. उजवा हात, मनगटापर्यंत, बोटे पसरून. प्रदर्शनाला आईवडील दोघांनीही उपस्थित राहावे.'

वाचलं आणि मला हसूच फुटलं. प्लास्टर! अहो, मी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर दुसरं करते काय मी? गुलाबी पावडर गार पाण्यात कालवून द्यायची. डॉक्टरीणबाई ती पेशंटच्या तोंडात धरतात, ती जमते, दातांचं माप निघतं आणि त्या मापात मी प्लास्टर ओतते. किती लोकांच्या कवळ्या माझ्या हातून गेल्या असतील, देव जाणे. पहिल्यांदाच शाळेनं असं काही मागितलं होतं, ज्यात माझा हातखंडा होता.

"आता बघच तू," मी खारूताईला म्हटलं. "असे हात करू, की नखंसुद्धा मोजता येतील."

डॉक्टरीणबाईंनी मुदत संपलेल्या पावडरीचे डबे आनंदानं देऊन टाकले. मी ते मिरवत घरी आणले. संध्याकाळी हे कारखान्यातून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, तोवर माझी टकळी सुरूच. कुठली बादली घ्यायची, पाणी किती गार हवं, कोणाचा हात आधी.

"डावा चालेल का, विचार," हे मध्येच म्हणाले.

"डावा कशाला? उजवा म्हणून स्पष्ट लिहिलंय ना!" मी फाडकन बोलून गेले. हे भातात नुसती बोटं फिरवत राहिले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी की काय. पण खरंच सांगते, मी विसरले होते. आमचे हे डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर असतात. खारूताई पोटात होती तेव्हा त्यांचा उजवा हात त्या प्रेसमध्ये सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून गेली. सुरुवातीला मी त्या हाताकडे बघून रडायची. मग कधीतरी रडायचं थांबले आणि नंतर बघायचंही. त्याच हातानं ते गळका नळ दुरुस्त करतात, त्याच हातानं लेकीची वेणी घालतात, माझ्यापेक्षा घट्ट. माझ्या लेखी तो हात होता, बस्स.

ते मात्र एक दिवस विसरले नव्हते. घराबाहेर पाऊल पडलं, की उजवा हात खिशात. फोटोत खिशात, कोणाच्या लग्नात गेलो तरी खिशात. त्यांच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा आधी फाटतो आणि मी आतून अस्तर लावत बसते. त्यात आमची खारूताई रस्त्यानं चालताना आपलाही हात त्याच खिशात कोंबते. दोन हातांना तो खिसा पुरणार कसा?

"मी भेटते बाईंना," मी म्हटलं.

"भेटून काय सांगशील?"

खारूताई आतल्या खोलीत मोठ्यानं पाढे म्हणत होती. ह्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, मला माझं काही नाही. पण तिथं सगळ्या वर्गासमोर तो हात मांडून ठेवणार. पोरं विचारणार, हसणार. तिला खाली बघायला लागलं तर मला नाही सहन व्हायचं."

रविवारी दुपारी मी खारूताईचा आणि माझा हात करून टाकला. झकास उतरले दोन्ही. मग ह्यांनी तिला तिच्या मावशीकडे सोडलं आणि परत आले ते ढब्बूभावजींना घेऊन. ढब्बूभावजी म्हणजे ह्यांचे कारखान्यातले दोस्त, पॅकिंगमध्ये असतात. अंगानं नावाप्रमाणेच. ते दारातच चुळबुळत उभे राहिले.

"वहिनी, ह्यानं मला हात घेऊन ये म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "मी म्हटलं, ठेवून येणार कुठं?"

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तशी अशी तिडीक गेली डोक्यात! "अहो, साखर उसनी आणतात माणसं. हात आणतात का कोणी?"

"एवढं कर," हे म्हणाले. एवढंच म्हणाले. बावीस प्रकारे भांडणारा माणूस असा हळू बोलला, की मग माझ्यानं भांडवत नाही.

मी पावडर कालवली. ढब्बूभावजींनी बाही वर करून बादलीत हात घातला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पावडर जमू लागली तसा त्यांना घाम फुटला. "वहिनी, हा परत मिळेल ना मला? सोमवारी कामावर जायचंय." मी म्हटलं, "मुकाट बसा, नाहीतर मनगटापासून ठेवून घेईन." आम्ही दोघं हसलो. हे खिडकीत पाठ करून उभे होते. ते हसले नाहीत.

खारूताई आली तेव्हा तिन्ही हात टेबलावर मांडलेले होते. तिनं आधी स्वतःचा बघितला, मग माझा, आणि नखं मोजून घेतली. मग तिसऱ्यापाशी गेली. त्या पांढऱ्या हातात आपला हात घालून पाहिला, काढला, परत दुसऱ्या बाजूनं घातला.

"आई, हा चुकलाय," ती म्हणाली.

"काय चुकलंय त्यात?" मी कामात असल्याचं सोंग केलं.

"ह्याला दोन बोटं जास्त लागलीत. बाबांच्या हाताला इथं जागा असते, माझा हात जातो तिथं. ह्यात जातच नाही." मग माझी चूक समजून घेतल्यासारखी ती म्हणाली, "असू दे गं. पुन्हा कर."

ढब्बूभावजी अजून बसलेलेच होते. ते उठले, चपला घातल्या आणि आपला हात बगलेत मारून चालते झाले. मला हसू येत होतं की रडू, मलाच समजेना. मी पदर डोळ्यांना लावला आणि पावडर उडाली म्हणून सांगितलं.

ह्यांनी शर्टाची बाही दुमडली. "पावडर उरलीय का गं?" त्यांनी विचारलं.

डब्याच्या तळाशी होती. खरवडून खरवडून पुरली.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत ओळीनं टेबलं लावली होती. टेबलाटेबलांवर हात. कोणाची बोटं चिकटलेली, कोणाचा हात बटाट्यासारखा फुगलेला. खोटं कशाला बोलू, आमचेच सगळ्यात उजवे होते. खारूताई येईल त्याला थांबवून सांगत होती, "हा माझा, हा आईचा, हा बाबांचा." हे तिच्या मागे भिंतीला टेकून उभे. उजवा हात खिशात.

बाई आल्या. कोवळ्या वयाच्या, घाईत असलेल्या, स्वभावानं चांगल्या. मी उगाच इतके दिवस त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. त्यांनी आमचं टेबल बघितलं आणि एकदम हळहळल्या.

"अगं बाई! आणताना तुटला वाटतं हा. एवढं छान काम, आणि दोन बोटंच गेली. थांबा, तुकडे इथंच कुठंतरी असतील, चिकटवून घेऊ." त्यांनी वळून शिपायाला हाक मारली. "मामा, जरा टेबलाखाली बघता का?"

शिपाईमामा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले. शेजारच्या टेबलापाशी उभी असलेली एक आई आपल्या पायाशी शोधू लागली. कोणीतरी खुर्ची सरकवली. बाई स्वतः वाकल्या. इतकी माणसं माझ्या नवऱ्याची दोन बोटं जमिनीवर शोधत होती. खारूताईनं मागे वळून बापाकडे पाहिलं.

हे भिंतीपासून पुढे आले.

"उठा मामा," ते म्हणाले. "काही पडलेलं नाही. तो एवढाच आहे."

आणि त्यांनी खिशातून उजवा हात काढून प्लास्टरच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. चिठ्ठीत लिहिलं होतं तसा, बोटं पसरून.

शिपाईमामा तसेच गुडघ्यांवर होते. बाईंचा चेहरा लाल झाला. "मला... माफ करा, मला खरंच..."

"छे हो, त्यात काय," हे म्हणाले. हात तिथंच राहिला. "काम बघा हिचं. नखंसुद्धा मोजता येतात."

बाई खाली वाकल्या आणि त्यांनी खरोखरच मोजली. खारूताई त्यांना मदत करत होती.

घरी परतताना आम्ही चालतच निघालो. प्लास्टरचे हात शाळेनं आठवडाभर ठेवून घेतले होते, त्यामुळे पिशवी रिकामी होती. रस्ता ओलांडायच्या जागी खारूताईनं सवयीनं बापाच्या पँटच्या खिशात हात घातला, आणि थबकली.

"बाबा, हात कुठाय?"

"हा काय," हे म्हणाले. "बाहेर आहे."

तिनं खिशातून आपला हात काढला आणि तो बाहेरच धरला.