याला म्हणे तळच नाही

मी शिशाचा गोळा बोलतोय. ऐकायचं तर जरा लांब उभे राहा. माणसांच्या पायावर पडताना मी कधी मागंपुढं पाहिलेलं नाही.

जुने नळ वितळवून एका ओतकाम्याने मला घडवलं. वर कडी, बुडाला खळगा. विद्या एकच, सोडलं की सरळ खाली जायचं. माणसांना तेवढंही धड जमत नाही.

जगात गोड्या पाण्याची दोन-चार फार खोल तळी आहेत म्हणतात. त्यांतल्या एकावर माझा धनी होडी चालवायचा. सहलीच्या लोकांना मधोमध न्यायचा, मला दोराला बांधून सोडायचा आणि सगळा दोर संपला की छाती फुगवून म्हणायचा, "बघितलंत? याला तळच नाही."

अरे गाढवा, मी केव्हाचा तळाशी बूड टेकून बसलेला. भिजलेला दोर आपल्याच वजनाने खाली येत राहतो, माझ्या डोक्यावर वेटोळी पडतात, आणि याला वाटतं गोळा अजून चाललाय. होडीतले 'अबब' करायचे. शिकलेले जरा जास्तच.

कडीत अडकलेला गाळ धनी विजारीला पुसायचा. धुताना बायकोने विचारलं, "हा चिखल कुठला?"

"पाण्यात वाटेत लागतो."

"वाटेत," ती म्हणाली, आणि विजार जरा जोरातच आपटली.

त्याच काठावर धन्याच्या साडूचीही होडी होती. एकदा जेवताना साडू म्हणाला, "तळ नाही म्हणतोस, मग पाणी कशावर ठेवलंय? तुझ्या डोक्यावर?" झालं. दोघांनी होड्या पणाला लावल्या. तळ निघाला तर धन्याची होडी साडूला, नाही निघाला तर साडूची धन्याला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांना विचारावं, हे एकालाही सुचलं नाही.

साडू मात्र धन्याइतका बिनडोक नव्हता. त्याने माझ्या खळग्यात ग्रीस ठासून भरलं. "गोळा टेकला तर गाळ चिकटून येईल," म्हणाला.

मी गेलो, टेकलो, खळगाभर काळा गाळ घेतला. दोर ओढताना धनी शीळ घालत होता. मला आत घ्यायला होडीत सोबत आलेली धन्याची बायको वाकली आणि तिला खळगा दिसला. होडी गेली तर घरातली चूल विझणार होती. तिने मला पोटाशी धरलं, बोटांनी ग्रीस-गाळ एकदम खरवडला आणि स्वेटरच्या खिशात कोंबला.

"रिकामाच आला," ती म्हणाली.

"आणि ग्रीस कुठं गेलं?" साडूने विचारलं.

"स्वस्तातलं आणलं असेल, भावोजी."

काठाला लागताच धनी साडूची होडी सोडवायला धावला. बायकोने त्याला आडोशाला ओढलं.

"त्यांची होडी त्यांच्याकडेच राहू द्या. माझ्या बहिणीचं पोट आहे त्यावर."

"का म्हणून? जिंकलोय मी."

तिने खिशातला लगदा काढून त्याच्या तळहातावर थापला. "हा तळ. घ्या जिंकून."

धन्याने हात विजारीला पुसला. मग साडूकडे जाऊन पुटपुटला, "राहू दे रे तुझी होडी. घरातल्या घरात कसली पैज." साडू अजून त्याला थोर मनाचा म्हणतो. एक बावळट दुसऱ्याची आरती ओवाळतो, ती अशी.

आता मला पाण्यात सोडत नाहीत. धन्याच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलंय. तळ्याची खोली विचारली की धनी नुसतं "पुष्कळ" म्हणतो.

माझी एकच विनवणी. कधी गोळा सोडलात तर तो टेकला की दोर थांबवा. हाताला कळतं ते. फक्त तेवढा वेळ तोंड बंद ठेवावं लागतं, म्हणजे तुम्हाला जमणार नाहीच. निघा आता. मी सरकलो तर दार नाकावर बसेल.